गोठ्यावरची सुट्टी

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषण आम्ही नवरा-बायकोने आळीपाळीने केले, म्हणून इथे सगळीकडे ‘आम्ही’ आहे.)



आमच्या आधीच्या वक्त्यांनी स्वित्झर्लंडची बर्फाची शिखरे दाखवली, त्यांच्या आधीच्यांनी व्हिएतनाम. आमच्याकडे दाखवायला एक गोठा आहे. बंगळुरापासून जवळपास पावणेसहाशे किलोमीटर, निपाणीच्या पुढे वेदगंगेच्या काठी. आठ गाई, सहा म्हशी, वासरे-रेडकू मिळून पाच, दोन कुत्री आणि एक कायम रागावलेला कोंबडा. गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, आम्ही चौघे तिथे आठ दिवस राहिलो. फिरायला म्हणून कुठे गेलो नाही. गोठ्याच्या कामात जेवढे लुडबुडता आले तेवढे लुडबुडलो.

अशी सुट्टी परदेशात लोक पैसे मोजून घेतात, हे आमच्या थोरलीने आधीच शोधून ठेवले होते. अमेरिकेत ईटन नावाच्या भावांनी 1879 मध्ये डाकोटात गुरांचे रान घेतले. पूर्वेकडच्या शहरांतले त्यांचे मित्र हवापालटाला येत आणि महिनामहिना राहत. एवढ्यांना फुकट खाऊ घालणे परवडेना, तेव्हा पाहुण्यांनीच सुचवले की आमच्याकडून पैसे घ्या. पुढे 1904 मध्ये हे भाऊ वायोमिंग राज्यात गेले आणि त्यांचे रँच आजही पाहुणे घेते. गुरांच्या धंद्यात वाईट वर्षे आली की पाहुण्यांच्या पैशावर तग धरायचा, हे तिथल्या अनेकांना जमले. 1926 मध्ये अशा रँचवाल्यांनी आपली संघटनाही काढली.

आपल्याकडे हे काम आजोळ करत असे. या सभागृहातल्या निम्म्या लोकांची मे महिन्याची सुट्टी कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात गेली आहे. त्याला आपण ‘पर्यटन’ म्हटले नाही, ‘मामाच्या गावाला जाणे’ म्हटले. महाराष्ट्रात पांडुरंग तावरे यांनी बारामतीजवळ पळशीवाडीला कृषी पर्यटनाची रीतसर सुरुवात केली, त्यालाही आता वीसेक वर्षे झाली. 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यासाठी धोरणही आणले. पण आमच्यासारख्या, तीन पिढ्या बंगळुरात काढलेल्या घरांत मधला दुवा तुटला आहे. आमच्या मुलांना दूध निळ्या पिशवीतून येते एवढे ठाऊक. म्हणून आम्ही मामांना फोन केला. मामा म्हणाले, “या की. पर नुसतं बसून खायाला मिळायचं न्हाई बगा.”

दिवस कसा जातो ते सांगतो, कारण या सुट्टीचे वेळापत्रक गाई ठरवतात. पहाटे साडेचारला गोठ्यातला दिवा लागतो. आधी शेण भरायचे. गाई बसलेल्या जागेवरून उठवायच्या, पाटीत शेण भरून उकिरड्यावर टाकायचे, जमीन धुवायची. मग कास कोमट पाण्याने धुऊन पुसायची. वासरू क्षणभर सोडले की गाय पान्हा सोडते. तेवढ्यात यंत्र लावायचे. म्हशींची धार मामी अजून हातानेच काढतात. धाकट्याने पहिल्या दिवशी सड दाबून पाहिले, दोन थेंब आले. आठव्या दिवशी त्याने अर्धा तांब्या भरला, तेव्हा म्हैस मान वळवून त्याच्याकडे बघत होती. मामी म्हणाल्या, “कटाळलीया ती. लवकर आटप बाबा.”

सहाला डेअरी. तिथून आले की वैरण. डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा हंगाम, त्यामुळे उसाचे वाडे भरपूर आणि स्वस्त. पण नुसत्या वाड्यांवर जनावर ठेवू नये हे आम्हाला तिथे कळले. वाड्यांत ऑक्झलेट असते, ते अंगातले कॅल्शियम बांधून टाकते, आणि दुभत्या गाईला कॅल्शियम तर जास्तच लागते. म्हणून वाड्यांबरोबर मका, हत्तीगवत, थोडा कडबा आणि वर खनिज मिश्रण. दुभत्या गाईला दिवसाला तीस-चाळीस किलो ओली-सुकी वैरण आणि साठ-ऐंशी लिटर पाणी लागते. हे आकडे वाचायला सोपे वाटतात. चौदा जनावरांची वैरण कडबाकुट्टीतून काढून गव्हाणीत टाकली की आकडा खांद्याला कळतो.

अकरा ते तीन गोठा शांत. जनावरे बसून रवंथ करतात, माणसे जेवून आडवी होतात. गाय दिवसातले सहा-सात तास तरी रवंथ करते. आमच्या थोरलीने घड्याळ लावून एका गाईच्या तोंडाकडे पाऊण तास बघितले. तिने कशाकडे सलग इतका वेळ बघितल्याचे आम्हाला आठवत नाही. मोबाईल घरातच चार्जिंगला होता. तो काढून घ्यायची वेळ आली नाही, कारण शेणाचे हात लागतील या भीतीने तो तीच बाहेर आणत नव्हती.

आता डेअरीचे सांगतो, कारण सीमाभाग समजायचा तर तिथे अर्धा तास उभे राहावे. गावात दूध घालायच्या दोन जागा. एकीचे दूध कोल्हापूरकडे जाते, दुसरीचे बेळगावकडे. रांगेत माणूस मराठीत भांडतो, कन्नडात हिशोब करतो आणि हिंदीत विनोद सांगतो. दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो. गाईच्या दुधाला साडेतीन आणि साडेआठ हा पाया, म्हशीच्या दुधाला सहा आणि नऊ. मशीनमध्ये थेंबभर दूध गेले की चिठ्ठी येते आणि त्या चिठ्ठीवर घरातल्या बाईचा मूड ठरतो. कर्नाटकच्या संघाला घातलेल्या दुधावर राज्य सरकार लिटरमागे प्रोत्साहनधन देते. कोल्हापूरकडे कधी भाव बरा, कधी दिवाळीचा फरक बरा. मामांच्या पासबुकात त्यामुळे दोन्ही राज्ये नांदतात. मामा म्हणतात, “म्हशीला काय ठावं, सीमा कुठली ते.”

सणांचेही तसेच. या पट्ट्यात बैलांचे सण दोन. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, म्हणजे कानडीतली कारहुण्णिमे. आणि आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. काही गावे एक पाळतात, काही दुसरा. मामांच्या घरी दोन्ही, कारण मामी रायबागकडच्या. आता बैल एकही नाही, तरी त्या दिवशी गाई-म्हशींना अंघोळ, शिंगांना रंग आणि पुरणपोळीचा घास असतोच. पाडव्याला बेळगावच्या गवळी गल्लीत म्हशी सजवून पळवतात, तो थाट तर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी पाहिला असेल.

इथवरचे सगळे गोड झाले. फोटोही गोड आले. आता तिसऱ्या रात्रीबद्दल बोलतो, कारण आज तुमच्यासमोर उभे राहण्याचे खरे कारण ते आहे.

तिसऱ्या रात्री एक होल्स्टीन गाय व्याली. नऊ महिने नऊ दिवसांचा हिशोब गाईचा आणि बाईचा जवळपास एकच, हे मुलांना पहिल्यांदा कळले. म्हशीला दहा महिन्यांहून थोडे अधिक लागतात. रात्री साडेअकराला पाय दिसले, मग नाक. मामा आणि गडी, दोघांनी कळ आली की हलकेच ओढले, कळ थांबली की थांबले. वासरू बाहेर आले, मामांनी नाकातोंडातला चिकटा काढला, पेंढ्याने अंग चोळले. गाय वळून चाटायला लागली. आमची दोन्ही मुले हात धरून उभी होती. तेवढ्यात मामांनी वासराची मागची तंगडी उचलून पाहिली आणि काहीच न बोलता खाली ठेवली. गडी कानडीत हळूच म्हणाला, “होरी.” म्हणजे गोऱ्हा.

आमची मुले बंगळुरात वाढलेली, कानडी त्यांना चांगले येते. थोरलीने लगेच विचारले, “मग काय झालं? सगळे गप्प का?”

त्या प्रश्नाला मामांनी दुसऱ्या दिवशी वैरण कापता कापता उत्तर दिले, आणि ते मुलांना समोर बसवून दिले. कालवड झाली असती तर अडीच-तीन वर्षांत ती दूध द्यायला लागली असती. खोंडाला काम नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते, ऊसही बहुतेक ट्रॅक्टरनेच जातो. होल्स्टीनच्या खोंडाला वशिंड नीट नसते, उन्हात तो दमतो. खिलार असता तर कुणी शर्यतीला, गाडीला नेला असता. नुसते दुधाचे धरले, रोज सरासरी 3 लिटर आणि 60 दिवस, तर 180 लिटर होतात. लिटरला 35 रुपये धरले तर 6,300 रुपये. त्यानंतर वैरण आयुष्यभर. महाराष्ट्रात 2015 पासून आणि कर्नाटकात 2021 च्या सुरुवातीपासून गोवंशाचे कायदे कडक झाले आहेत. त्या कायद्यांबद्दल या सभागृहात वेगवेगळी मते असतील आणि तो आजचा विषय नाही. पण कायदा झाला की जनावर खायचे थांबत नाही. ते कुणाच्या दावणीला उभे राहायचे, हा प्रश्न ज्याच्या दारात वासरू जन्मते त्याचा एकट्याचा राहतो. मामा म्हणाले, “लोक रात्री सोडून देत्यात रस्त्यावर. आमी सोडणार न्हाई. पर किती ठिवणार, ते मला बी ठावं न्हाई.”

धाकटा त्या दिवशी जेवला नाही. आम्ही त्याला समजावायला जाणार होतो, पण मामीच पुढे झाल्या. त्यांनी त्याच्या हातात चिकाची बाटली दिली. जन्मल्यापासून पहिल्या तासा-दोन तासांत वासराला चीक मिळायलाच हवा, त्याच्या अंगात रोगाशी लढायची ताकद त्यातूनच येते. आणि पुढचे दोन-तीन दिवस तोच पाजायचा. मामी म्हणाल्या, “रडायचं नंतर. आदी पाज त्याला.” त्याने पाजले. उरलेल्या चिकाचा खरवस झाला, वर वेलदोडा घालून. तोही त्याने खाल्ला.

त्या रात्री ओसरीवर मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. गोठ्यात पूर्वी बावीस जनावरे होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, हे तुम्ही बातम्यांत पाहिले असेल. त्या दोन्ही वेळी मामांनी भर पावसात दावी सोडून जनावरे माळावर नेली. मग 2022 मध्ये लंपी आला. अंगावर गाठी, ताप, पायांना सूज. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली, तरी मामांच्या तीन गाई गेल्या. म्हशी वाचल्या, त्यांना तो रोग फारसा होत नाही. मामांचे वय सदुसष्ट. मुलगा पुण्यात नोकरीला, सून तिथलीच. मामांनी ठरवले होते की पुढच्या पाडव्याला गोठा मोडायचा, दोन म्हशी तेवढ्या घरच्या दुधाला ठेवायच्या. “तुमी आला ते बरं केलासा. पोरांनी गोठा भरल्याला बघितला,” असे ते म्हणाले.

कागलच्या आनंद यादवांची ‘गोतावळा’ ही कादंबरी आपल्या वाचनालयात आहे. 1971 ची. मळ्यावरचा गडी नारबा, त्याच्या भोवतालची जनावरे, आणि ट्रॅक्टर आल्यावर एकेक करून कमी होत जाणारा तो गोतावळा. कागल ते निपाणी वीसेक किलोमीटर. पन्नास वर्षांपूर्वी बैल गेले, आता गोठेच जाऊ घातले आहेत. आम्ही परत आल्यावर ती कादंबरी पुन्हा वाचली आणि या वेळी ती आम्हाला आमच्याच घरातली वाटली.

निघायच्या दिवशी आम्ही आठ दिवसांचे पैसे देऊ केले. मामी इतक्या चिडल्या की आमच्या पिशवीतला गूळ त्यांनी परत काढून घेतला. “भाच्याकडनं पैसं? लोकं काय म्हणतील?” शेवटी तोड धाकट्याने काढली. तो म्हणाला, पैसे तुम्हाला नाहीत, खोंडाच्या वैरणीला आहेत. मामी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “त्येच्या नावानं असतील तर घेते. गूळ बी घ्या मग.” तेव्हापासून दर महिन्याला आम्ही त्याच्या नावाने थोडी रक्कम पाठवतो. त्याच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे आणि तो आकडा आमच्या धाकट्याला पाठ आहे. खोंड आता नऊ महिन्यांचा झाला. पुढे त्याचे काय, ते अजून कुणीच ठरवलेले नाही.

एका कुटुंबाने एका खोंडाची वैरण दिली, म्हणजे प्रश्न सुटला असे आम्ही म्हणणार नाही. सुटण्याच्या वाटा थोड्या आहेत. एक म्हणजे लिंगवर्गीकृत रेतन. त्यात दहांतली नऊ वासरे कालवडी होतात. मामांनी या वर्षी दोन गाईंना ते भरवले आहे. दुसरी वाट म्हणजे गोठ्याला दुधाखेरीज दुसरे उत्पन्न मिळणे: शेणखत, गांडूळखत, आणि पाहुणे. ईटन बंधूंना जे सुचले तेच. मामांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते हसले. पण महिन्याभराने त्यांचाच फोन आला: “ते तुमचं मंडळातलं कोण येणार असलं तर सांगा. मागची खोली रिकामी हाय. पर भाच्याला फुकट, बाकीच्यांना पैसं. आन् शेण सगळ्यांनी भरायचं.” गोठा पाडव्याला मोडायचा बेत त्यांनी आणखी दोन वर्षे पुढे ढकलला आहे. दोन वर्षांत काय होते ते बघायचे.

तेव्हा, मंडळी, ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडक्यात अनुभवाचे बोल.

जावे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. हवा थंड, वैरण भरपूर, गुऱ्हाळे चालू. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठच्या गोठ्यावर पाहुणा म्हणून जाऊ नये. तेव्हा त्यांना स्वतःचेच पुरे असते. कमीत कमी चार दिवस राहावे. दोन दिवसांत जनावर ओळख देत नाही आणि माणूसही मोकळे होत नाही.

जनावराच्या मागून कधी जाऊ नये. समोरून, बोलत बोलत जावे, म्हणजे ते दचकत नाही. व्यालेल्या गाईजवळ मुलांना एकटे सोडू नये, ती कितीही गरीब असली तरी. धारोष्ण दुधाचे कौतुक आपल्या आजोबांनी केले असेल, पण दूध उकळूनच प्यावे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार माणसाला होतात. हात साबणाने धुवावेत. घरी परत निघताना चपला-बूट स्वच्छ धुवावेत आणि दुसऱ्या गोठ्यात तसेच शिरू नये, नाहीतर लाळ्या-खुरकुताचे विषाणू आपणच नेऊन पोचवायचो.

मुलांच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत. गाय भाकड झाली की काय होते, खोंडाचे काय होते, म्हातारे जनावर कुठे जाते, हे ती विचारणारच. गोठ्यावरचा माणूस उत्तर द्यायला घाबरत नाही, घाबरतो आपण. आमची मुले दुःखी झाली, हे खरे. पण आता घरात दूध उतू गेले तर पहिली ओरड तीच करतात.

आणि पैसे मोजून द्यावेत, घासाघीस न करता. पुण्या-मुंबईच्या हॉटेलात आपण करत नाही ती घासाघीस गावाकडे करायची सवय आपल्याला आहे. ती सोडावी.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. दर वर्षी मंडळाची सहल जाते. येत्या डिसेंबरात ती बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात न्यावी. एकाच गोठ्यावर पन्नास माणसे उतरली तर यजमानाचे दिवाळे निघेल. म्हणून आपल्यातल्या ज्या घरांचे नातेवाईक अजून जनावरे पाळतात त्यांची यादी करू या, आणि चार-चार जणांची कुटुंबे वाटून देऊ या. यादीत पहिले नाव मामांचे आम्ही लिहून ठेवले आहे. खाली आणखी ओळी मोकळ्या आहेत. आज घरी गेल्यावर गावाकडे एक फोन करा आणि विचारा, गोठ्यात किती जनावरे उरली आहेत. येणारा आकडा ऐकून तुम्हीच ठरवा, जायचे की नाही.

 प्रसादाच्या रांगेत खरवसाची कृती विचारायला मामींचा नंबर मागू नका. तो यादीत नाव लिहिणाऱ्यांनाच मिळेल.

गणपती बाप्पा मोरया!